चांगुणाकाकीच्या न्हाणीतला कॉक

पेणच्या आमच्या घराची फरशी उखडली तेव्हा खालून माती कमी आणि माझे वडीलच जास्त निघाले. म्हणजे त्यांनी घातलेले पाइप. एक लोखंडी, गंजून हाताने मोडावा असा झालेला. त्याच्या अंगावरून दुसरा, चांगला जाडजूड, सरळ भिंतीत घुसून तिथेच संपलेला. आणखी एक स्वयंपाकघराला वळसा घालून निघाला तिथेच परत आलेला. खालच्या थरात लोखंड, वरच्या थरात प्लॅस्टिक, आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पडलेले.

जवळच्या जिते गावाहून येणारा दिनेश प्लंबर खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून त्या गुंत्याकडे बघत राहिला.

"ताई, हे कोणी केलंय?"

"माझ्या वडिलांनी."

"प्लंबर होते?"

"नाही. हट्टी होते."

"व्हय, ते दिसतंय," तो म्हणाला आणि कपाळ पुसायला लागला.

मागच्या अंगणातली मधली भिंत आम्ही सगळ्यात आधी पाडली होती. तिच्या पलीकडे चांगुणाकाकी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर भाजलेले चणे. तोंडात दात नावाला उरलेले, पण चघळणं चालू. सकाळी मजूर आले की ती यायची, मजूर गेले की उठायची. मध्येच दिनेशला म्हणायची, "खण, खण. अजून खाली हाय." एवढ्या आनंदात मी तिला कुणाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माहेर धरमतरच्या खाडीकडचं, बाप मिठागरावर राबणारा. थोरले काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेले. मूल नव्हतं. माहेरच्यांनी परत ये म्हटलं, पण काकी गेली नाही. "माझा घर हाय, मी कशाला जाऊ?" एवढंच बोलली आणि पदर खोचून कामाला लागली. तिची उंची बेताची, आवाज मात्र खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारणाऱ्यांचा.

राग धरावा तर तिने. राग येणं वेगळं, ते कुणालाही जमतं. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर दिवसातून चारदा यायचा आणि चहा घेतला की जायचा. काकीचा राग यायचा तो मुक्कामाला. बाजारात एका मासेवालीने तिला एकदा शिळी कोळंबी दिली. काकी भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज त्याच बाईच्या पाटीसमोर उभी राहायची, एकेक मासा उचलून कल्ले उघडून बघायची, वास घ्यायची आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आज बरा हाय." मग शेजारच्या पाटीवरून मासळी घेऊन घरी यायची. अख्खा उन्हाळाभर हे चाललं. शेवटी त्या बाईने पाया पडून ताजी सुरमई फुकट दिली, तेव्हा काकीने ती घेतली आणि तिच्या पाटीजवळच्या मांजरालाच घातली.

मी एकदा तिला विचारलं, "काकी, तुला घाई होत नाही का गं?" तर म्हणाली, "मीठ एका दिवसात पिकत नाय, शैला. पाणी आत घ्यायचा, बांध घालायचा न बसायचा. बाकीचा ऊन करतो."

माझ्या वडिलांसाठी तिने असाच बांध घातला होता.

काका गेल्यावर अण्णांनी वाटणी मागितली. घर लांबट. रस्त्याकडचा अर्धा भाग काकीला गेला, मागचा अर्धा आम्हाला. विहीर मागे. आता आमच्याकडे काहीही वाटतात, अगदी पाटा-वरवंटाही वाटतात, पण विहीर कोणी वाटत नाही. ती सामाईक असते, हे सांगावंही लागत नाही. अण्णांनीही ती वाटली नाही. त्यांनी फक्त अंगणात भिंत घातली, भिंतीत दार ठेवलं आणि दाराची कडी आमच्या बाजूला लावली. "वहिनींनी खुशाल पाणी न्यावं," ते म्हणायचे, "पण विचारून न्यावं." विचारून! ज्या विहिरीचा गाळ तिने स्वतः उपसला होता, तिचं पाणी तिने हंडा कमरेवर घेऊन, दार ठोठावून, धाकट्या दिराला विचारून न्यायचं. आणि ती न्यायची. आमची आई घरात असली की कडी लगेच निघायची. अण्णा असले की त्यांचं काहीतरी चाललेलं असायचं.

मग तो वैशाखातला दिवस आला. काकीचा बाप लेकीला बघायला खाडीकडून चालत आला. म्हातारा माणूस, भर दुपारचा, पायातल्या वहाणा हातात घेतलेल्या. खाडीकाठच्या त्या खारेपाटात गोडं पाणी होडीतून आणावं लागायचं, म्हणूनच असेल, तिथे एक रीत फार कडक आहे. दारात आलेल्याला आधी पाणी आणि गुळाचा खडा, नाव-गाव नंतर. वैरी आला तरी आधी पाणी. त्या दिवशी काकीचा माठ रिकामा होता. तिने हंडा घेऊन दार ठोठावलं. अण्णा जेवून आडवे झाले होते, आई माहेरी गेलेली. काकीने हाक मारली, "भावजी, बाबा आलाय माझा, जरा कडी काढा." अण्णा आतून ओरडले, "पाणी मागायची काही वेळ असते की नाही?" आणि कूस बदलून झोपले.

हे सगळं ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याने ऐकलं. काकी शेजाऱ्यांकडून तांब्या घेऊन धावत आली तोवर तो वहाणा उचलून उठला होता. "आमच्याकडं गोडा पाणी नाय," तो म्हणाला, "पण नाय असा कोण बोलत नाय." न पिता तो गेला. पुढच्या मिठाच्या हंगामाच्या आत वारला. लेकीच्या दारी पुन्हा आला नाही.

मी तेव्हा लहान होते. मला हे आईने सांगितलं, आणि सांगताना तिने स्वतःच्याच नवऱ्याचं नाव असं घेतलं की मला आजही ते ऐकू येतं. अण्णा माझे वडील. त्यांनी मला शिकवलं, मोठं केलं, सगळं खरं. पण त्या दुपारसाठी मला त्यांचा अजूनही संताप येतो. काकीने सूड घ्यायचं ठरवलं त्यात तिचं काहीएक चुकलं नाही.

तिला हवं काय होतं, तर एकच गोष्ट. दत्तारामने, म्हणजे आमच्या अण्णांनी, तिच्या दारात उभं राहून पाणी मागावं. जसं तिला मागायला लावलं तसं. बाकी काही नको.

काही वर्षांनी आमच्या आळीत नळ आला. पाइप रस्त्यावरून, म्हणजे काकीच्या दारावरून. शेजारचा बोळ दुसऱ्याच्या मालकीचा, तो खणू देईना. आमची लाइन न्यायची तर काकीच्या अर्ध्यातूनच. अण्णा स्वतः विचारायला गेले नाहीत, त्यांनी फिटरला पाठवलं. सगळ्यांना वाटलं, आता महाभारत होणार. काकी म्हणाली, "घाला की. न्हाणीखालून न्या, जवळ पडेल." आळीने तोंडात बोट घातलं. अण्णा तर म्हणाले, "बघा, शेवटी माणूस शहाणा होतो."

तो फिटर काकीच्या माहेरचा होता, हे अण्णांनी विचारलं नव्हतं. विचारणं हा त्यांचा गुणच नव्हता. न्हाणीतल्या धुण्याच्या दगडाखाली त्या फिटरने आमच्या लाइनवर पाणी बंद-चालू करायचा एक पितळी कॉक बसवून दिला. दगड वर ठेवला की काही दिसत नसे.

आणि काकी थांबली. पहिलं वर्षभर आमच्या नळाला असं धो धो पाणी आलं की अण्णा आल्यागेल्याला नळ सोडून दाखवायचे. त्या भरात त्यांनी ती चूक केली, जी करायची बुद्धी फक्त आमच्या अण्णांनाच होऊ शकते. वहिनींचा विहिरीवरचा हक्क कायमचा मिटावा म्हणून त्यांनी विहिरीवर स्लॅब टाकला आणि त्यावर बाथरूम बांधलं. "आता नळ असताना विहिरीची कटकट कशाला?" शेवटची पाटी सिमेंट पडलं, मजूर गेले, स्लॅब वाळला. मग काकीने दगड सरकवला.

रोज नाही हं. रोज पाणी गेलं असतं तर कोणीही खणून बघितलं असतं. अण्णा अंघोळीला बसले की मोठ्याने स्तोत्र म्हणत. काकी भिंतीला कान लावून ऐकायची. तोंडाला साबण लागला की स्तोत्र थांबायचं. त्या क्षणी ती कॉक फिरवायची. पलीकडून अण्णांच्या तोंडून जे निघायचं ते कुठल्याही स्तोत्रात नाही. सत्यनारायणाला पंगत बसली की पाणी गायब. अण्णांचे साहेब जेवायला आले की पाणी गायब. पाहुणे गेले, अण्णांनी प्लंबर आणला, प्लंबरने नळ उघडला की पाणी हजर. प्लंबर अण्णांकडे बघायचा, अण्णा नळाकडे बघायचे.

मला बघायला रोह्याची मंडळी आली त्या वेळी अण्णांनी बाथरूममध्ये नवा फवारा बसवला होता. पेणमध्ये तेव्हा तो कौतुकाचा विषय. चहा झाल्यावर ते माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना मुद्दाम आत घेऊन गेले. "बघा हं," म्हणून चावी फिरवली. फवाऱ्याने नुसतं खाकरल्यासारखं केलं आणि गप्प बसला. सासरे भला माणूस. म्हणाले, "द्या मुलगी आमच्याकडे. रोह्याला नदी आहे, पाण्याला तोटा नाही." मी हसू दाबत दाराआड उभी होते आणि भिंतीपलीकडे कोणीतरी माझ्यासारखंच हसू दाबत होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

अण्णांनी दोष कुणाला दिला नाही? प्रेशरला दिला, गंजाला दिला, पाइपात हवा अडकली म्हणाले, एकदा तर बेडूक म्हणाले. आणि दर वेळी नवा पाइप. फरशी खणायची, जुना तिथेच सोडायचा, नवा घालायचा. येणारा प्रत्येक फिटर एकच गोष्ट सांगायचा, "पुढच्या घरातली लाइन बघायला पायजे. वहिनींना एकदा विचारा." आणि अण्णा लाल व्हायचे. "तिच्या दारात मी जाणार नाही. विचारणार तर मुळीच नाही." एका प्रश्नाचं काम होतं. तो विचारायला नको म्हणून त्यांनी जन्मभर स्वतःचं घर पोखरलं.

सुडाने माणूस जळतो म्हणतात. काकी जळली बिळली नाही, उलट तिची तब्येत सुधारली. आणि एक सांगायलाच हवं: आमच्या आईच्या हातात भांडी असताना, तिची धुणी चालू असताना, नळ कधी गेला नाही. काकी भिंतीपलीकडून बांगड्यांचा आवाज ओळखायची. आईलाही ते ठाऊक असणार. नळ गेला की ती अण्णांना म्हणायची, "तुम्ही जरा बाहेर जाऊन या, येईल पाणी." आणि यायचं.

आई गेली. अण्णा थकले, तेव्हा मी त्यांना रोह्याला माझ्याकडे आणलं. मागचा भाग बंद पडला. माझे यजमान कंपनीतून निवृत्त झाल्यावर आम्ही पेणला राहायला जायचं ठरवलं आणि म्हणून ही फरशी उखडली.

दिनेशने शेवटी सगळे पाइप खडूने रंगवून वेगवेगळे केले आणि म्हणाला, "ताई, कुठूनही धरा, सगळे त्या आजींच्या न्हाणीतूनच निघतायत. तिथं काहीतरी हाय."

मी उठले, काकीच्या खुर्चीसमोर गेले आणि विचारलं, "काकी, तुझी न्हाणी एकदा बघू का?"

तिने चणे चघळायचे थांबवले. "पोरगी विचारते बघ," ती म्हणाली. "एका वाक्याचा काम." मग मला आत घेऊन गेली, दगड पायाने सरकवला. खाली पितळेचा कॉक देव्हाऱ्यातल्या समईसारखा लखलखत होता. इतकी वर्षं ती त्याला खोबरेल लावत होती. तिने तो दोन बोटांनी फिरवून दाखवला. सगळी हकीगत तिने तिथेच, न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून, रंगवून सांगितली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं, आता नवी लाइन टाकू ना तुझ्यातून?"

तिचा चेहरा एकदम बदलला. "त्याला आण. त्यानं मागायचा. मग खण."

"काकी, अण्णांना आता काही आठवत नाही. मला कधी कधी आई समजतात."

"सोंग करतो."

"खरंच गं."

"शैला, मी त्याला तुझ्यापेक्षा जास्त वळखते. त्याला आण."

तिच्यापुढे कुणाचं चाललंय? काम बंद ठेवून मी अण्णांना रोह्याहून गाडीने घेऊन आले. पेणला उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. रिक्षावाल्याला पैसे देऊन मी वळते तोवर अण्णा पुढे गेले होते. पाय त्यांना बरोबर घराकडे नेत होते, पण घरात पहिली येते ती काकीची ओटी. ते तिथे थांबले, खांबाला धरून वाकले आणि दारात उभ्या असलेल्या काकीला म्हणाले, "बाई, जरा पाणी मिळेल का? उन्हातून आलोय."

काकीने खांबावरचा त्यांचा हात बघितला, चेहरा बघितला. माझ्याकडे बघितलं. मग ती आत गेली. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. रीत म्हणजे रीत. अण्णा घटाघटा प्यायले. "गोडं पाणी आहे हो तुमचं," म्हणाले.

"मी कोण, वळखलास?"

"नाही बुवा."

"दत्तारामला वळखतोस?"

अण्णांनी विचार केला. "नाव ऐकल्यासारखं वाटतं. तुमच्यापैकी का?"

काकी त्यांच्यासमोर बसली. तिला वाटलं असावं, आठवण गेली असेल तर आपण परत घालू. तिने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. भिंत, कडी, हंडा, वैशाख, वहाणा हातात घेतलेला म्हातारा. एक शब्द गाळला नाही. अण्णा पुढे सरकून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला. मला क्षणभर वाटलं, आठवलं. काकीलाही तसंच वाटलं असणार, ती थांबली.

"काय नालायक माणूस हो!" अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्याला पाणी नाही? तुम्ही सोडलंत की काय त्याला?"

काकीने रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग तिने कॉकचं सांगितलं. साबण, सत्यनारायण, बेडूक. पण मला सांगताना जी मजा होती ती आता नव्हती, ती नुसती वाक्यं होती. अण्णा मात्र लहान पोरासारखे हसत होते. त्यांनी मांडीवर थाप मारली. "बरं केलंत! फार बरं केलंत बाई! मी तुमच्या जागी असतो तर मेल्याला थेंब दिला नसता."

काकी उठली.

"घेऊन जा गो याला," ती मला म्हणाली. "न खण तुला कुठं खणायचा तिथं."

अण्णांना धरून मी मागच्या अंगणाकडे निघाले. ते अजून विचारत होते, "त्या दत्तारामचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, म्हातारा झाला." तेवढ्यात मागून काकीचा आवाज आला, खाडीपलीकडे जाईल असा.

"सुटला! सुटला मेला!"

मी वळून बघितलं. ती उंबऱ्यात उभी होती आणि रडत होती. काका गेले तेव्हा ती रडली नव्हती असं आई सांगायची. बापाच्या वेळीही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र पदरही न लावता, रस्त्यावरच्या लोकांसमोर ती रडत होती. कोणी म्हणेल, तिला अण्णांची दया आली. मुळीच नाही. ते रडणं रागाचं होतं, मी छातीठोक सांगते. तिचा गुन्हेगार तिच्या डोळ्यांदेखत निसटून गेला होता आणि आता त्याला कोणीच पकडू शकणार नव्हतं.